ट्रॅक ०७

हळद शिजायला लागली की रात्री जागाव्या लागतात. कुकरचे ड्रम भरायचे, वाफ धरू द्यायची, गड्डा बोटानं दाबून बघायचा, ड्रम उतरवायचा, ताडपत्रीवर पसरायचा. एक ड्रम चढला की उतरेपर्यंत माणसाला काम नसतं आणि झोपताही येत नाही. यंदा या मधल्या वेळात मी फरसाणाचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन बसतो आहे. डब्यात एकतीस मेमरी कार्डं आहेत. दुकान बंद केलं तेव्हा गिऱ्हाइकांनी परत न नेलेली.

एकेक कार्ड रीडरमध्ये घालतो. सतरा मेली आहेत. चौदा चालतात. त्या चौदांत सगळी मिळून काही हजार गाणी असतील, आणि जवळपास प्रत्येक फाइलवर गायकाच्या नावाच्या जागी माझ्या दुकानाचं नाव आणि माझा नंबर आहे.

*

हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याच्या स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, २००९ ते २०१७. दुरुस्तीपेक्षा जास्त चाले ते कार्ड भरणं. दोन जीबीचे वीस रुपये, चार जीबीचे तीस. गिऱ्हाईक काउंटरवर फोन ठेवून बाजाराला जाई आणि तासाभरानं येई. यादी तोंडी असे: "अर्धी भीमगीतं टाका भाऊ, पाच-सात लावण्या टाका, उरल्या जागेत हिंदी. आन् मागल्या टायमाला ते बँजोवालं टाकलं होतं ना, ते बी टाका."

ते बँजोवालं म्हणजे नेमकं कोणतं, हे मला कळायचं. कोण वाजवतंय हे मला माहीत नव्हतं आणि मी कधी विचारलंही नाही.

नावं मीच पुसली. एक सॉफ्टवेअर होतं. त्यात फोल्डर टाकला की सगळ्या फाइलींची नावं एका दमात बदलत. दुकानाचं नाव, पुढे ०१, ०२, ०३. जाहिरात म्हणून सगळेच दुकानदार करत होते, मीही केलं. ज्या गाण्यांवर माझं घर आठ वर्षं चाललं, त्यांच्या गायकांना त्यातला एक पैसा गेला नाही. वर त्यांचं नावही राहू दिलं नाही. पैशाचं आता काही करता येत नाही. नावाचं थोडंफार करता येईल असं वाटतं, म्हणून ही वही.

*

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. सहा महिन्यांत कार्ड भरायला येणारी पोरं थांबली. दुकानात बसून मीही यूट्यूब बघायला लागलो. एकदा सहज 'मेमरी कार्डवरची गाणी' असं इंग्रजीत टाकून शोधलं आणि सहाराच्या वाळवंटात जाऊन पोचलो.

मालीच्या उत्तरेला किडाल नावाचं गाव आहे. २०१० च्या आसपास तिथे इंटरनेट जवळजवळ नव्हतं. स्वस्त फोन मात्र होते आणि फोनमध्ये कार्डं होती. लोक चहाला बसले की ब्लूटूथवरून एकमेकांना गाणी देत. कुणी घरात रेकॉर्ड केलेलं, कुणी लग्नात, कुणी कंप्यूटरवर ढोल लावून केलेलं. ही गाणी कुठल्याही दुकानात मिळत नव्हती, कुठल्याही कंपनीनं काढलेली नव्हती. क्रिस्तोफर कर्कली नावाचा अमेरिकेतल्या पोर्टलंडचा एक माणूस तिथे फिरत होता. त्यानं लोकांच्या कार्डांवरून ती गाणी उतरवून घेतली आणि त्यांतली निवडक २०११ मध्ये तबकडीवर काढली: 'म्युझिक फ्रॉम सहारन सेलफोन्स'.

ते वाचताना अंगावर काटा आला. हेच तर आम्ही करत होतो. तेच दोन जीबीचं कार्ड, तेच ब्लूटूथ, तशाच नाव नसलेल्या फाइली. फरक एवढाच की कर्कली फाइल घेऊन थांबला नाही. हा आवाज कुणाचा, हे विचारत तो माणसांपर्यंत गेला.

*

त्याच कार्डांवरून नायजरचा एमदू मोक्तार जगासमोर आला. २००८ मध्ये त्यानं नायजेरियातल्या सोकोतो शहरात एक अल्बम रेकॉर्ड केला, 'अनार'. वाळवंटातली गिटार, ड्रम मशीन, आणि गळ्यावर ऑटोट्यून चढवलेलं. अल्बम तेव्हा रीतसर कुठे निघाला नाही. गाणी फोनाफोनांतून सहाराभर पसरली. त्याची पहिली गिटार त्यानं स्वतः लाकडाची केली होती आणि तारा सायकलच्या ब्रेकच्या वायरी सोडवून लावल्या होत्या.

२०१५ मध्ये कर्कलीनं त्याला घेऊन एक सिनेमा केला. अमेरिकन गायक प्रिन्स याच्या 'पर्पल रेन'वरून सुचलेला, पण संपूर्ण तमाशेक भाषेत. त्या भाषेत जांभळ्या रंगाला वेगळा शब्द नाही. म्हणून सिनेमाच्या नावाचा अर्थ होतो, ज्यात थोडं लाल मिसळलंय असा निळा पाऊस. माझ्या मते हे नाव मूळ नावापेक्षा चांगलं आहे. परवा संध्याकाळी टोकाईच्या माळावर ढग आले तेव्हा तोच रंग होता.

*

आजची हळद चांगली शिजली. गड्ड्यात काडी सहज गेली.

*

बँजोबद्दल नीट लिहायला हवं.

आमच्याकडे बँजो किंवा बेंजो म्हणतात ते अमेरिकन बँजो नव्हे. पुस्तकात त्याला बुलबुलतरंग म्हणतात. लांबट लाकडी पेटी, वर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटनं. डाव्या हातानं बटन दाबायचं, उजव्या हातानं तार छेडायची. वरातीत हातगाडीवर कर्णे बांधून हा बँजो वाजायचा. आता डीजेनं त्याची जागा घेतली. माझे इथल्या गिरगावचे मामा पंचवीस वर्षं बँजो पार्टीत वाजवत होते. मला वाटायचं हे वाद्य इथलंच, डफ-हलगीसारखं मातीतलं.

हे वाद्य जपानी आहे. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसानं ते तयार केलं. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून त्याचं नाव ताइशोगोतो. तिथून ते समुद्रानं निघालं. बलुचिस्तानात त्याचा आकार वाढला, आवाज भरदार झाला आणि नाव पडलं बेंजू. आमच्या बेंजोत आणि त्यांच्या बेंजूत एका मात्रेचा फरक. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर केनियातलं मोंबासा बंदर आहे. तिथल्या तारब गाण्यांत ते तैशोकोतो म्हणून शिरलं.

म्हणजे नागोया, बलुचिस्तान, मोंबासा, गिरगाव. एकाच पेटीवर चार ठिकाणच्या लोकांनी आपापलं संगीत उभं केलं आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही.

*

मोंबासाची झुहुरा स्वालेह. तिचा 'जिनो ला पेंबे' नावाचा अल्बम मला मिळाला. स्वाहिली मला येत नाही. आवाज बाईमाणसाचा, भरलेला, दबकत नाही. मागे तैशोकोतो टिणटिणत धावतं आणि ढोलक्याची चाल अशी की बोटं आपोआप मांडीवर पडतात.

मामांना ऐकवलं. मामा आता पंच्याहत्तरीचे, कानाला थोडं कमी येतं. फोन कानाला लावून पूर्ण गाणं ऐकलं.

"कुठला हाय हा?"

"आफ्रिकेतला, मामा. मोंबासा."

"बाई कुठलीबी असू दे. वाजिवणारा आपलाच हाय," मामा म्हणाले. मग बटन दाबल्यासारखी डाव्या हाताची बोटं हलवून दाखवली. "बघ, सूर सोडताना बोट उचलत नाही तो. घासत नेतो. आमी बी तसंच करतो. न्हाई तर खट् असा आवाज येतो बटनाचा."

बटनाचा खट् आवाज लपवण्याची युक्ती मोंबासाला आणि गिरगावाला वेगवेगळी सुचलेली असणार. मामांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं.

*

कसं शोधतो, असं भाचा विचारतो. तो पुण्यात शिकतो. त्याच्यासाठी लिहून ठेवतो.

एक गाणं आवडलं की गायकाच्या पुढच्या गाण्याकडे जाऊ नये. आधी वाद्य कोणी वाजवलं ते बघावं. वाजवणाऱ्याचं नाव धरून गेलं की दहा न ऐकलेले गायक भेटतात. मग अल्बम कुणी काढला ते बघावं. छोट्या कंपन्या एका माणसाच्या आवडीवर चालतात, आणि त्या माणसाचा कान पटला की त्यानं काढलेलं सगळं डोळे झाकून ऐकावं. तिसरं, नाव इंग्रजीत टाकून शोधू नये. जपानी, अम्हारिक, ख्मेर अक्षरं कुठून तरी उचलून तशीच्या तशी पेस्ट करावीत. वेगळंच घर उघडतं. त्या भाषेतल्या लोकांनी त्यांच्यासाठी ठेवलेली गाणी तिथे असतात, शंभर-दोनशे लोकांनीच ऐकलेली.

यूट्यूब आपोआप पुढचं लावतं ते बंद करावं. ते आधीच्यासारखंच दुसरं लावतं.

*

घानाचा अता काक. १९९४ मध्ये त्यानं 'ओबा सिमा' नावाची कॅसेट काढली. कॅनडात राहत असताना घरी बसून केलेली: उड्या मारणारा कीबोर्ड, तोंडात न मावणारा वेगवान रॅप, ट्वी भाषेत. घानात पन्नासएक कॅसेटी छापल्या, त्याही फारशा खपल्या नाहीत. त्यानं नाद सोडला.

२००२ मध्ये ब्रायन शिमकोवित्झ नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं घानातल्या केप कोस्ट शहरात रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून त्यांतली एक कॅसेट घेतली. २००६ पासून तो अशा आफ्रिकन कॅसेटी लोकांना ऐकवू लागला आणि सुरुवात त्यानं या कॅसेटनं केली. मग अता काकला शोधण्यात त्याची कित्येक वर्षं गेली. सापडला तेव्हा कळलं की मूळ टेप खराब झाली आहे. २०१५ मध्ये अल्बम पुन्हा निघाला तो शिमकोवित्झनं विकत घेतलेल्या त्या एका कॅसेटवरून.

गायकाकडे गाणं उरलं नव्हतं, गिऱ्हाइकाकडे होतं. हे वाचल्यापासून माझ्या डब्यातल्या चौदा कार्डांना मी ऊन लागू देत नाही.

*

मामांच्या पार्टीचीही एक कॅसेट निघाली होती, नांदेडला रेकॉर्डिंग करून. नव्वदच्या दशकात. आमच्या घरी तिच्या दोन प्रती होत्या, एका लोखंडी ट्रंकेत, इतर साठसत्तर कॅसेटींसोबत. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात नदीचं पाणी शिरलं. रात्रीतून घराघरांत पाणी. धान्य गेलं, भांडी वाहून गेली, जनावरं गेली. लोक माळवदावर बसून राहिले. अशा वेळी कॅसेटीचं दुःख बोलून दाखवणं बरं दिसत नव्हतं, म्हणून तेव्हा कुणाला सांगितलं नाही. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर रिळांना गाळ चिकटला होता. धुऊन, सावलीत वाळवून, दोन कॅसेटी चालवून पाहिल्या. नुसती खरखर.

मामांना सांगितलं. ते म्हणाले, "वाजवलं तवा वाजवलं." त्यावर मी काय बोलणार? पण मला ते पटलेलं नाही.

*

हायलू मर्जिया. इथिओपियातल्या गाजलेल्या वालिआस बँडचा कीबोर्डवादक. अदिस अबाबाच्या हिल्टन हॉटेलात हा बँड वाजवायचा. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि तिथेच राहिला. १९८५ मध्ये एकट्यानं एक कॅसेट केली: अकॉर्डियन, जुना सिंथेसायझर, ड्रम मशीन, सगळं स्वतः वाजवून. नंतर वॉशिंग्टनच्या विमानतळावर टॅक्सी चालवू लागला. बॅटरीवर चालणारा कीबोर्ड डिकीत ठेवायचा आणि भाडं मिळेपर्यंत रांगेत थांबला की काढून रियाज करायचा.

त्याची ती कॅसेट त्याच शिमकोवित्झला इथिओपियातल्या बाहिर दार शहरात सापडली. २०१३ मध्ये ती पुन्हा निघाली आणि साठी उलटलेला हायलू परत जगभर वाजवायला जाऊ लागला.

मला त्याच्या परत येण्याहून ती टॅक्सीची रांग जास्त दिसत राहते. ऐकणारं कुणी नाही, कार्यक्रम नाही, तरी हात चालू. नांदेडच्या रेल्वे स्टेशनबाहेर ऑटो लावणाऱ्यांत एकजण आहे, पूर्वी कव्वाल पार्टीत हार्मोनियमवर असायचा. मी त्याच्याच ऑटोनं जातो. विचारलं तर हँडलवर बोटांनी पट्ट्या दाखवतो, काळी चार.

*

आज फक्त ऐकलं. लिहायला काही नाही.

*

चरणजीत सिंग यांच्याबद्दल बाहेरच्या लोकांनी बरंच लिहिलंय. मला त्यातलं एक पटत नाही.

मुंबईतले हे सिनेसंगीताचे गिटारवादक, कीबोर्डवादक. १९८२ मध्ये त्यांनी 'टेन रागाज टु अ डिस्को बीट' नावाची एलपी केली. रोलँड कंपनीची तीन यंत्रं: एक ड्रमसाठी, एक खर्जासाठी, एक सुरांसाठी. त्यांवर दहा राग. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. रेकॉर्ड खपली नाही. २००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या डच माणसाला ती दिल्लीतल्या दुकानात सापडली, २०१० मध्ये त्यानं पुन्हा काढली आणि जगभर गवगवा झाला. कारण त्याच खर्जाच्या यंत्रावरचं 'अ‍ॅसिड हाउस' नावाचं नाचाचं संगीत शिकागोत १९८७ मध्ये सुरू झालं असं सगळे समजत होते, आणि इथे मुंबईत ते पाच वर्षं आधी झालेलं. सत्तरीतल्या चरणजीतजींना युरोपात कार्यक्रमांना बोलावणं आलं. २०१५ च्या जुलैमध्ये ते गेले.

पाच वर्षं आधी, पाच वर्षं आधी, हेच सगळीकडे. त्यामुळे शिकागो हे माप झालं आणि चरणजीतजी त्या मापानं मोजले गेले. ते शिकागोचं काही आधी करायला बसले नव्हते. ते राग वाजवायला बसले होते. खर्जाचं यंत्र सारखं एकच आवर्तन फिरवत राहतं, ते तानपुऱ्याचं काम करतं. त्यावर भूपाळीचे पाच सूर एकेक करून येतात. आमच्या देवळातल्या काकड्याला पेटी धरणाऱ्या काकांना मी भूपाळी ऐकवली. त्यांना यंत्राचं काही वाटलं नाही. ते म्हणाले, "राग सांभाळलाय. घाई नाही केली." यापेक्षा नेमकं मी कुठे वाचलं नाही.

*

गोव्याचा रेमो फर्नांडिस. १९८४ मध्ये शिवोलीतल्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर त्यानं 'गोअन क्रेझी' रेकॉर्ड केला. वाद्यं त्याचीच, आवाज त्याचेच. मुंबईच्या कंपन्यांची वाट न बघता कॅसेटी स्कूटरवर घालून गोव्यात दुकानोदुकानी पोचवल्या. नंतर तो सिनेमात गाजला, पद्मश्री झाला. मला मात्र स्कूटरवरचा रेमो मोठा वाटतो. आमच्या भागातल्या किती गाणाऱ्यांनी हेच केलं असेल, लूना-एमऐंशीवर कॅसेटी लादून? जत्रेत पाल टाकून कॅसेटी विकणारे गायक मी डोळ्यांनी पाहिलेत.

*

मिकी मात्सुबारा. जपानी. १९७९ च्या नोव्हेंबरात तिचं पहिलं गाणं आलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मध्यरात्रीच्या दाराचं गाणं. २००४ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी ती वारली. २०२० मध्ये इंडोनेशियातल्या एका मुलीनं ते गाणं गाऊन टाकलं, आणि एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं मूळ गाणं जगातल्या पोरांच्या फोनमध्ये गेलं. जपानी आयांच्या पोरांनी ते लावलं की त्या आया गायला लागायच्या, असे व्हिडिओ आले.

तिला यातलं काही कळलं नाही. हा विचार आला की मी फोन बाजूला ठेवतो.

*

हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव, इथून फार लांब नाही. लहानपणापासून भजनात ऐकतो: शेवटच्या चरणात नामा येतो, तुका येतो, जनी येते. वामनदादा कर्डकांनीही तेच केलं. देशवंडीचा हा माणूस खेडोपाडी गात फिरला, हजारांनी गाणी लिहिली, बहुतेक कागदावरून कागदावर, तोंडातून तोंडात गेली. पण शेवटच्या कडव्यात 'वामन' ठेवलेला. गाणं कुणीही गावो, कुठल्याही कंपनीनं काढो, नाव आतच शिवलेलं. कडवं गायल्याशिवाय गाणं संपत नाही, आणि कडवं गायलं की नाव येतंच.

मी दुकानात त्यावरही कात्री चालवली. गाणी कापून दोन-अडीच मिनिटांची केली की कार्डात दुप्पट मावत. गिऱ्हाईक खूश. कापायचं शेवटूनच, कारण सुरुवातीची चाल लोकांना हवी असे. हे काल रात्री, दुसरा ड्रम उतरवताना, पहिल्यांदा लक्षात आलं. फाइलीचं नाव बदललं ते एक, आणि गाण्याच्या पोटातलं नाव होतं तेही कापलं.

*

छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात. मोबाइलवर कुणीतरी घेतलेल्या व्हिडिओतून त्या घराघरांत गेल्या. स्टुडिओ नाही, साथ नाही, एक तार आणि तो आवाज. आमच्याकडच्या बायका सांगतात, "कडूबाईचं लावा." नाव घेऊन मागतात. दहा वर्षं आधी हाच आवाज माझ्या दुकानात आला असता तर त्याला नंबर पडला असता.

*

कार्ड नंबर एकोणीस, ट्रॅक ०७.

बाईचा आवाज, बँजो, ढोलकी. बाबासाहेबांवरचं गाणं. एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद, मग मध्येच तुटतं. हे तेच 'बँजोवालं', जे लोक मागून मागून भरून न्यायचे. शंभर वेळा तरी कॉपी केलं असेल. आज कानाला लावून नीट ऐकलं. वरच्या पट्टीत जाताना आवाज थोडा फाटतो आणि ती तो फाटू देते, सावरायला जात नाही. झुहुरा स्वालेहमध्ये मला जे आवडलं ते हेच, आणि हे माझ्याच डब्यात पंधरा वर्षं पडून होतं.

*

मामांना ट्रॅक ०७ ऐकवला. दहा सेकंदांत म्हणाले, "ह्यो माझा हात न्हाई."

"मग कुणाचा?"

पुन्हा ऐकलं. "ह्याची खालची तार ढिली हाय. मुद्दाम ढिली ठेवतो. असा एकच होता, पूर्णेच्या काठचा." गावाचं नाव सांगितलं. माणूस वारलाय. "पर त्याच्या पार्टीत गाणारी बाई त्याची भावजय होती. ती असंल."

*

वसमतच्या मोंढ्यात हळद घालून येताना तिकडे वळलो. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी कित्येक वर्षं आमचा माल सांगलीच्या बाजारात जायचा आणि पुढे सांगलीच्या नावानं ओळखला जायचा. आता पोत्यावर वसमत लिहिता येतं. मोंढ्यात म्हातारे शेतकरीही ते अक्षर बोट फिरवून बघतात.

गाव सापडलं. घर सापडलं. बाई साठी ओलांडलेल्या, अंगणात तूर पाखडत होत्या. मी फोनवर गाणं लावलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"हे कुठं गावलं?"

सगळं सांगितलं. दुकान, कार्ड, नंबर, कात्री. त्या रागावल्या नाहीत, मला वाटलं होतं रागावतील. रेकॉर्डिंगला एक दिवस गेला होता, म्हणाल्या. साडी मिळाली आणि येण्याजाण्याचं भाडं. कॅसेट घरी कधी आलीच नाही. स्वतःचा आवाज त्यांनी एका लग्नात, दुसऱ्याच्या फोनवर, पहिल्यांदा ऐकला.

"गाणं इथंच तुटतं, मावशी. पुढचं कडवं आठवतं का?"

सुनेला पाणी आणायला सांगितलं, पाणी प्याल्या, आणि बसल्या जागी गायल्या. पट्टी आता खाली आली आहे. शेवटचं कडवं पूर्ण गायलं. त्यात कवीचं नाव होतं. त्यांचं नव्हतं, असणारही नव्हतं.

"तुमचं नाव लिहितो गाण्यावर," मी म्हणालो.

"माझं कामून? गाणं त्यांचं हाय की."

"गायलं तुम्ही."

यावर त्या काही बोलल्या नाहीत. सुनेनं मात्र आतून पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट.

*

रात्री तिसरा ड्रम चढवून बसलो. नव्यानं रेकॉर्ड केलेलं कडवं जुन्या फाइलीला जोडलं. पट्टी जुळत नाही, जोड स्पष्ट ऐकू येतो, तसाच ठेवला. मग फाइलीचं नाव बदललं: आधी त्यांचं, मग बँजोवाल्याचं, कवीचं, गावाचं. दुकानाचं नाव आणि माझा नंबर काढला. पाठवायला सुनेचा नंबर घेऊन आलो आहे. ती नावं या वहीत लिहायची की नाही, हे त्यांना अजून विचारलेलं नाही. म्हणून इथे लिहीत नाही.

ट्रॅक ०८ वर एक पोरगा आहे, मागे कीबोर्ड. हा आवाज मामांनाही ओळखता आला नाही.